लॅबनं माल पास केला, पण लॅबला पास कुणी केलं?

दिवाळीच्या आधी दोन आठवडे सांगलीच्या गणपती पेठेत आमच्या दाजींच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावर आणि आत काजू-बदामाची पोती छतापर्यंत. अशा गर्दीत मी आपला घरचं सामान घ्यायला गेलो होतो तर दाजींनी गल्ल्यावरनं हाक मारली आणि हातात एक कागद दिला. अंजिराचा लॅब रिपोर्ट होता, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं पुसलेली. मुंबईच्या पार्टीनं अफगाणी अंजिराच्या पेट्यांबरोबर पाठवलेला.

"पाव्हणं, तुम्ही लॅबमधली माणसं. पार्टी म्हणती सरकारमान्य लॅबमधनं पास झालेला माल आहे. आता मला सांगा, ही लॅब सरकारी हाय का खाजगी?"

मी म्हटलं, "लॅब खाजगी, मान्यता सरकारी." दवाखान्यात मुलगा झाला का मुलगी असं विचारल्यावर कुणीतरी नुसतं "हो" म्हणावं तसं दाजींनी माझ्याकडं बघितलं. मग गिऱ्हाईक कमी झाल्यावर चहा मागवला आणि तासभर बसलो, त्यात जे बोलणं झालं तेच इथं जरा नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न मला लय जणांनी विचारलाय. मी स्वतः नवी मुंबईत एका खाजगी फूड लॅबमध्ये चार वर्षं काढली आहेत, त्यामुळं आतली बाजू थोडी माहिती आहे.

तर आधी दूध. गावाकडं डेअरीत सकाळी दूध घातलं की पावतीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) येतं आणि त्यावर भाव ठरतो. काल फॅट ६.८ लागलं, आज ६.१. म्हैस तीच, पेंड तीच, वैरण तीच, मग फॅट कुठं गेलं? शेतकरी बडबड करत घरी जातो, कारण मशीन डेअरीचं, मशीनवर बसणारा पोरगा डेअरीचा आणि आकडा कमी लागला तर फायदा पण डेअरीचाच. ऊसाचं तेच. कारखान्याच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून लोक आधी बाहेरच्या काट्यावर ट्रॉली तोलून घेतात आणि मग आत नेतात. म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या माणसाला लॅबच्या मान्यतेची भानगड शिकवायची गरजच नाही, त्याला ती जन्मापासनं कळते. मोजणारा कुणाचा माणूस आहे, त्याला पैसे कोण देतो आणि त्याचं मशीन बरोबर आहे हे कोण बघतं, सगळा विषय या तीन प्रश्नांचाच आहे.

बाहेरच्या देशातनं खायचा माल आला की तो न्हावाशेवासारख्या बंदरात उतरतो. कायदा आहे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ चा, आणि तो राबवणारी संस्था म्हणजे एफएसएसएआय. आता देशात रोज किती कंटेनर येत असतील विचार करा, बदाम, डाळी, खाद्यतेल, सफरचंद, चॉकलेट, चीज, कायकाय. हे सगळं सरकारनं स्वतःच्याच लॅबमध्ये तपासायचं म्हटलं तर बंदरातनं माल बाहेर पडायला पुढची दिवाळी येईल. सरकारी लॅब आहेत, नाही असं नाही, पण त्या पुरणार नाहीत. म्हणून मग खाजगी लॅबना या कामाला लावतात. आणि खाजगी माणसाच्या हातात सरकारचं काम द्यायचं तर त्याची आधी नीट चौकशी पाहिजे. ती चौकशी म्हणजे मान्यता. ती पण एक नाही, दोन आहेत, आणि लोकांचा घोळ होतो तो इथंच.

पहिली मान्यता एनएबीएलची. मिरजेत एखाद्या पॅथॉलॉजी लॅबच्या पाटीवर हे नाव तुम्ही वाचलं असेल, तीच संस्था. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अंतर्गत येते, ऑफिस गुरुग्रामला. ही संस्था अंजीर तपासत नाही, रक्त पण तपासत नाही. ती लॅब तपासते. दाजींना मी त्यांच्याच दुकानातलं उदाहरण दिलं, वजनमापेवाले येतात आणि काटा तपासून शिक्का मारून जातात, ते काय तुमचे काजू तोलून बघतात का? नाही. ते काटा बघतात. पुढं तुम्ही त्या काट्यावर काय तोलता आणि गिऱ्हाइकाला काय देता हे तुमच्यावर. एनएबीएलचं तसंच.

फक्त काट्यापेक्षा लॅब जरा जास्त गुंतागुंतीची. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, आयएसओ १७०२५ म्हणतात तिला, सध्याची आवृत्ती २०१७ ची. (रक्त-लघवीवाल्या लॅबना वेगळी, १५१८९.) त्यात काय काय बघतात? मशीन कधी कॅलिब्रेट केलं, म्हणजे ते बरोबर मोजतंय का हे कधी तपासलं, कुणाकडनं तपासलं. टेस्ट करणाऱ्या माणसाचं शिक्षण काय, त्याला ही टेस्ट खरंच येते का. टेस्टची पद्धत कुठली. सॅम्पल आल्यापासनं रिपोर्ट जाईपर्यंत कुणाकुणाच्या हातातनं गेलं, ते कुठल्या फ्रीजमध्ये होतं, त्या फ्रीजचं तापमान रोज कुणी लिहिलं. तपासायला येणारे लोक बहुतेक दुसऱ्या लॅबमधले किंवा संस्थांमधले अनुभवी शास्त्रज्ञ असतात, ते समोर उभं राहून टेस्ट करून दाखवायला लावतात. आमच्याकडं ऑडिटच्या आधी आठवडाभर लग्नघरासारखी धावपळ असायची, आणि खोटं कशाला सांगू, फ्रीजच्या तापमानाचं रजिस्टर एकदा एकाच पेनानं एकाच बैठकीत महिन्याभराचं भरलेलं मी डोळ्यानं बघितलंय. ऑडिटरनं पण बघितलं. त्यानं काही न बोलता रजिस्टर उजेडात धरून सगळ्या सह्यांची शाई बघितली आणि आमच्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लेखी शेरा आला, उत्तर द्यावं लागलं, आणि त्यानंतर प्रत्येक फ्रीजला आपोआप नोंद करणारं यंत्र बसलं.

पण मला विचाराल तर कागदपत्रांपेक्षा सगळ्यात कामाची परीक्षा वेगळी आहे. तिला प्रोफिशियन्सी टेस्टिंग म्हणतात. एकच सॅम्पल, समजा शेंगदाण्याचं कूट, एकसारखं मिसळून बऱ्याच लॅबना पाठवतात. यात अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, किती आहे सांगा म्हणायचं. सगळ्यांचे आकडे आले की बघायचं कोण घोळक्यात आहे आणि कोण लांब पडलाय. त्याला झेड स्कोअर म्हणतात, दोनच्या आत असला तर बरं, तीनच्या बाहेर गेला तर तुमच्या लॅबमध्ये काहीतरी बिघडलंय. म्हणजे एकाच चरवीतलं दूध दहा डेअऱ्यांत नेऊन फॅट लावून बघण्यासारखं. नऊ ठिकाणी ६.८ आणि दहाव्या ठिकाणी ६.१ आलं तर बोलायचं कुणाशी ते कळतं. आपल्या गावच्या डेअऱ्यांना हे लागू केलं तर काय मजा येईल.

आता दुसरी मान्यता. एनएबीएल मिळाली म्हणून लॅबनं बंदरावरचा माल तपासायला सुरुवात केली असं होत नाही. त्यासाठी एफएसएसएआयनं त्या लॅबचं नाव कायद्याच्या कलम ४३ खाली अधिसूचित करावं लागतं. अशा लॅब देशात दोनशेच्या वर आहेत. फरक असा समजा की एनएबीएल म्हणजे ड्रायव्हिंग लायसन आणि अधिसूचना म्हणजे एसटीत ड्रायव्हर म्हणून नेमणूक. लायसन नसेल तर नेमणूक नाही, पण नुसतं लायसन आहे म्हणून कुणी सांगली-स्वारगेट गाडीची किल्ली हातात देत नाही. आणि नेमणूक काढून पण घेता येते. लॅबनं गडबड केली तर एफएसएसएआय तिची मान्यता थांबवू शकते, रद्द करू शकते, त्यासाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत.

लायसनवरनं आठवलं, लायसनवर कुठली गाडी चालवायची तेही लिहिलेलं असतं ना, दुचाकी, चारचाकी, हेवी? लॅबच्या मान्यतेत त्याला स्कोप म्हणतात. आणि सगळ्या विषयातली ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे आहे. लॅबला "मान्यता आहे" असं मोघम काही नसतंच. अमुक पदार्थात, अमुक घटक, अमुक पद्धतीनं तपासायला मान्यता आहे, असं असतं. एखाद्या लॅबकडं तेलाचा स्कोप असेल, पण अंजिरातल्या अफलाटॉक्सिनचा नसेल. दुचाकीच्या लायसनवर ट्रक चालवण्यासारखं ते. प्रत्येक लॅबचा स्कोप एनएबीएलच्या वेबसाइटवर उघड ठेवलेला असतो, फुकट, कुणीही बघू शकतं, आणि माझ्या चार वर्षांत एकाही व्यापाऱ्यानं तो बघितल्याचं मला आठवत नाही.

बंदरात होतं काय ते थोडक्यात. इंपोर्टरचा एजंट ऑनलाइन कागदपत्रं टाकतो. प्रत्येक कंटेनरचं सॅम्पल काढत नाहीत, कुठला माल जास्त धोक्याचा, कुठल्या इंपोर्टरचा आधीचा रेकॉर्ड कसा, यावर निवड होते. निवड झाली की एफएसएसएआयचा अधिकारी माल डोळ्यानं बघतो, लेबल बघतो, मग सॅम्पल काढतो. अधिकारी काढतो हे महत्त्वाचं, इंपोर्टर काढत नाही. सॅम्पलचे दोन भाग करून सील करायचे, एक लॅबकडं, एक राखून ठेवायचा. लॅबला रिपोर्ट द्यायला पाच दिवस. पास झालं तर नो ऑब्जेक्शन मिळतं आणि माल सुटतो. नापास झालं आणि इंपोर्टरला पटलं नाही तर तो दाद मागू शकतो, मग राखून ठेवलेला दुसरा भाग रेफरल लॅबकडं जातो आणि तिचा निकाल शेवटचा. माल नापासच राहिला तर परत पाठवायचा नाहीतर नष्ट करायचा. लेबलवरच्या काही बारीक चुका, म्हणजे इंपोर्टरचा पत्ता नाही किंवा शाकाहारी-मांसाहारीचा ठिपका नाही असलं काही असेल, तर तिथंच गोदामात स्टिकर लावून दुरुस्त करू देतात.

इथंवर दाजी मान डोलवत होते. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं.

"आणि लॅबची फी कोण देतंय?"

इंपोर्टर देतो.

"मग झालं की. आमची म्हैस, आमची डेअरी."

दाजी बारावी नापास आहेत पण जगभरातले कायदे करणारे लोक ज्या प्रश्नापाशी अडकलेत तिथं ते एका चहात पोचले. ज्याचा माल त्याचेच पैसे, मग लॅब त्याला नापास कशाला करेल? यावर फार भारी उत्तर कुणाकडंच नाहीये, उपाय आहेत, सगळे थोडे थोडे कामाचे. बंदरावर सॅम्पल अधिकाऱ्यानं काढलेलं असतं, म्हणजे चांगले निवडून दिलेले दाणे नसतात. राखीव भागाचा धाक असतो, उद्या तो दुसऱ्या लॅबमध्ये उघडला आणि भलताच आकडा आला तर पहिल्या लॅबला तोंड दाखवायची सोय नाही. आणि लॅबचा सगळा धंदा त्या अधिसूचनेवर चालतो, एका पार्टीच्या फीसाठी ती घालवणं परवडत नाही. परवडत नाही म्हणजे सहसा परवडत नाही असं म्हणू.

अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा कायदा झालाय, तो सांगण्यासारखा आहे. २००७ साली तिकडं चीनमधनं आलेल्या लाखो खेळण्यांच्या रंगात शिसं सापडलं आणि बाजारातनं खेळणी परत बोलवावी लागली. लहान पोरं खेळणं तोंडात घालणारच, आणि शिसं मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. लोक खवळले. ऑगस्ट २००८ मध्ये कायदा आला की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तू, मग त्या कुठंही बनलेल्या असोत, तिसऱ्या पक्षाच्या लॅबमधनं तपासून घ्यायच्या. रंगात शिसं दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त चालणार नाही. आता ती लॅब कुठली? तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं हुशारी केली, जगभर स्वतः फिरून लॅब तपासत बसले नाहीत. आयलॅक नावाची एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, तिच्यात देशोदेशीच्या एनएबीएलसारख्या संस्था एकमेकांना तपासतात आणि एकमेकांची मान्यता धरतात. आयोग म्हणाला, अशा संस्थेची १७०२५ ची मान्यता आणा, अर्ज करा, आम्ही तुमचं नाव यादीत घेतो. आपली एनएबीएल पण त्या व्यवस्थेत आहे, म्हणून भारतातल्या लॅबचे रिपोर्ट तिकडं चालू शकतात.

गंमत पुढं आहे. खेळण्याच्या कंपनीची स्वतःचीच लॅब असेल तर? बंदी नाही घातली. तिला त्यांनी फायरवॉल्ड म्हणजे मधे भिंत घातलेली लॅब असा वेगळा वर्ग केला. लॅबच्या माणसावर कंपनीच्या साहेबानं दबाव आणला तर त्या माणसाला गुपचूप थेट आयोगाला कळवता आलं पाहिजे, ही सोय कंपनीनं करून दाखवायची आणि कर्मचाऱ्यांना ती शिकवायची. डेअरीच्या मशीनवरच्या पोराला चेअरमनची तक्रार वर करायचा हक्क लेखी देण्यासारखं. ऐकून दाजी खो खो हसले.

आपल्याकडं खेळण्यांचं बघायचं तर २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिलनं दिल्ली परिसरातल्या बाजारातनं आयात खेळण्यांचे १२१ नमुने उचलले, त्यातले जवळपास ६७ टक्के नापास निघाले. मग १ जानेवारी २०२१ पासनं खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला, बाहेरनं येणाऱ्या पण. इथं एफएसएसएआयचा संबंध नाही, इथं मालक बीआयएस, भारतीय मानक ब्युरो. त्यांच्या स्वतःच्या लॅब आहेत आणि शिवाय ते खाजगी लॅबना मान्यता देतात. घरात मोबाईलचा चार्जर असेल तर आत्ता उलटा करून बघा, बारीक अक्षरात आय एस १३२५२ आणि आर अक्षरानं सुरू होणारा एक नंबर दिसला पाहिजे. चार्जर परदेशात बनलेला असला तरी टेस्ट भारतातल्या बीआयएसमान्य लॅबमध्ये झालेली असते आणि त्यावर तो नंबर मिळतो. यात्रेत शंभर रुपयाला दोन मिळतात त्यावर पण कधीकधी नंबर छापलेला असतो. तो खरा आहे का ते बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतं, माझ्या पुतण्याच्या चार्जरचा मी टाकला होता, दुसऱ्याच कंपनीचा निघाला.

असो, परत अंजिराकडं.

दाजींचा पुढचा प्रश्न होता की चला, लॅब चांगली, माणूस प्रामाणिक, रिपोर्ट पास, मग माल चांगलाच ना? इथं मी जरा जास्त वेळ घेतला कारण माझ्या मते लोकांची खरी फसगत इथं होते, खोट्या रिपोर्टनं कमी आणि खऱ्या रिपोर्टचा चुकीचा अर्थ लावल्यानं जास्त.

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. ती खरी आहे, पण का खरी आहे? कारण एका पातेल्यातला भात एकाच पाण्यात एकाच आचेवर शिजलाय. कंटेनर म्हणजे पातेलं नव्हे. वीस फुटी कंटेनरमध्ये पंधरा-वीस टन माल, तो कुठल्या कुठल्या शेतातनं, कुठल्या कुठल्या वाळवणावरनं गोळा झालेला. आणि बुरशीचं विष, म्हणजे तेच अफलाटॉक्सिन, सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं, एका पेटीतल्या चार अंजिरांत ठासून भरलेलं आणि शेजारच्या पन्नास पेट्या स्वच्छ असं असू शकतं. त्या चार अंजिरांतलं एक जर सॅम्पलमध्ये आलं तर नापास, नाही आलं तर पास. म्हणून सॅम्पल कसं काढायचं, किती जागांवरनं थोडं थोडं घ्यायचं, ते कसं दळून एकजीव करायचं, याला टेस्टइतकंच महत्त्व आहे. मशीन कितीही भारी असू दे. आणि मशीन भारी असतातच, फवारणीच्या औषधाच्या अंशाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी किलोला ०.०१ मिलिग्रॅम असते, म्हणजे हिशोब केला तर शंभर टनात एक ग्रॅम. पाच-सहा डबल ट्रॉली ऊसात चिमूटभर मीठ टाका आणि शोधा म्हणा. मशीन शोधतं. पण तुम्ही जी मोळी त्याच्यापुढं ठेवाल त्याच मोळीत शोधतं.

दुसरी गोष्ट, लॅब तेच शोधते जे शोधायला सांगितलंय. हे सांगलीकरांना मी सांगायची गरज नाही, २०१० सालची द्राक्षं आठवतात ना? आपला माल युरोपात अडकला, सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून. वेलीची वाढ रोखायला बागायतदार सर्रास वापरायचे ते. माल जाताना आपल्याकडं लॅबमधनं तपासूनच गेला होता, रिपोर्ट खोटे नव्हते, पण तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. यादीत नाही म्हणून बघितलं नाही, बघितलं नाही म्हणून दिसलं नाही, आणि तिकडच्या लॅबनं बघितलं. नंतर ते यादीत आलं, पण त्या सीझनला ज्यांचे पैसे बुडाले ते बुडाले. आमच्या शेजारच्या गावात एकानं त्या वर्षी बाग तोडली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, द्राक्षातल्या अंशांसाठी तीच रेफरल लॅब, ती यादी तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. द्राक्षाच्या यादीत किती औषधं आहेत आणि ती दरवर्षी कशी वाढते ते निर्यातवाल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, तो डोळे मिटून सांगेल.

याच्यापेक्षा भयंकर उदाहरण दुधाचं. २००८ मध्ये चीनमध्ये लहान बाळांच्या दूध पावडरीत मेलामाईन सापडलं. मेलामाईन म्हणजे ज्याच्या ताटल्या-वाट्या बनतात ते. दुधात कशाला घालतील? तर टेस्टमुळं. दुधातलं प्रोटीन मोजायची जुनी पद्धत थेट प्रोटीन मोजत नाही, ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरनं प्रोटीनचा हिशोब काढते. मेलामाईनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. दुधात पाणी घाला, चिमूटभर मेलामाईन घाला, मशीन म्हणणार वा, काय घट्ट दूध आहे. तीन लाखांच्या आसपास मुलं आजारी पडली, सहा बाळं गेली, मूतखडे झाले त्यांना. म्हणजे टेस्ट बरोबर होती, मशीन बरोबर होतं, आकडा पण बरोबर होता, प्रश्नच चुकीचा विचारलेला होता. फॅट वाढवायला आपल्याकडं दुधात कायकाय घालतात ते इथं लिहीत नाही, पण तत्त्व तेच आहे, ज्याचे पैसे मिळतात तो आकडा लोक वाढवतात, दूध नाही.

त्यानंतर सप्टेंबर २००८ मध्ये भारतानं चीनमधनं येणाऱ्या दूध आणि दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली, चॉकलेट पण त्यात आलं. ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवत नेली आणि २०१९ मध्ये वाढवताना असं ठरलं की बंदरांवरच्या सगळ्या लॅबमध्ये मेलामाईन तपासायची पुरेशी सोय होईपर्यंत बंदी राहील. हे वाक्य मला फार बोलकं वाटतं. लॅबची ताकद किती आहे त्यावर देशाचं दार किती उघडायचं ते ठरतंय.

तिसरं म्हणजे रिपोर्ट बाकी कशाचंच सांगत नाही. आपल्याकडं बेदाणावाल्यांची कायम ओरड असते की चीनचा बेदाणा मागच्या दारानं येतो आणि आपला भाव पाडतो. तासगावच्या सौद्यात बसलात तर दर पाच मिनिटाला ऐकू येईल. मला लोक विचारतात, लॅब पकडत नाही का? अहो, लॅबला तो बेदाणा खायला सुरक्षित आहे का एवढं विचारलंय. ड्युटी भरली का, कुठल्या देशाचा, कुठल्या रस्त्यानं आला, हे कस्टमचं काम. चोरून आलेला बेदाणा लॅबमध्ये पहिल्या नंबरानं पास होऊ शकतो.

एवढं सगळं झाल्यावर दाजींनी तो झेरॉक्स परत माझ्यापुढं सरकवला. "हे सगळं ठीक हाय. आता हा कागद वाचून दाखवा."

तर असा रिपोर्ट हातात आला की मी पहिल्यांदा निकाल बघत नाही, खालच्या बारीक अक्षरांकडं जातो. सॅम्पल कुणी काढलं? दाजींच्या कागदावर लिहिलं होतं, नमुना ग्राहकाने दिलेला, निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता. म्हणजे हा बंदरावरचा रिपोर्टच नव्हता. पार्टीनं स्वतः पाव किलो अंजीर पिशवीत घालून लॅबला नेऊन दिले होते. यात बेकायदेशीर काही नाही, लॅबनं पण प्रामाणिकपणे तसं लिहिलंय, ते लिहायचं बंधनच आहे त्यांच्यावर. पण सरकारमान्य लॅबमधनं पास झालेला माल हे वाक्य इथं लंगडं झालं. पिशवी पास झालीये.

मग तारीख बघितली. मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरची. म्हणजे त्या वेळचे अंजीर कधीच कुणाच्या तरी पोटात गेले असणार. लॉट नंबरच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. एनएबीएलचं चिन्ह वर होतं, खाली सर्टिफिकेट नंबर पण होता, तो मी मोबाईलवर टाकून स्कोप उघडला तर लॅब खरी होती, मान्यता चालू होती आणि सुक्या मेव्यातल्या अफलाटॉक्सिनचा स्कोप पण होता. लॅबचं काही चुकलेलं नव्हतं. आता टेस्ट कुठल्या केल्यात ते बघितलं, तर ओलावा, आम्लात न विरघळणारी राख, सल्फर डायऑक्साइड. अफलाटॉक्सिन केलेलंच नव्हतं. पार्टीनं मागितलं नव्हतं, लॅबनं केलं नाही. ती टेस्ट महाग असते.

दाजींनी तिथल्या तिथं मुंबईला फोन लावला. स्पीकरवर. पार्टी म्हणाली, "शेठ, माल सेम आहे, रिपोर्ट दरवर्षी हाच चालतो, कुणी विचारत नाही."

दाजी म्हणाले, "आमचं पाव्हणं विचारतंय." मग मी खुणेनं सांगितलं ते त्यांनी विचारलं, बंदरावरनं माल सुटतानाचं एफएसएसएआयचं नो ऑब्जेक्शन आहे का, आणि पेटीवरचा लॉट नंबर त्याच्याशी जुळतो का. पलीकडं थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर. मग तो म्हणाला, असेल की, बघतो, व्हॉट्सअ‍ॅप करतो.

संध्याकाळी आलं. कागद खरा होता, यंदाचा होता, आणि पेट्यांवरचा लॉट जुळला, निदान बेचाळीस पेट्यांचा जुळला. सहा पेट्यांवर वेगळाच नंबर होता. त्या सहा दाजींनी मागच्या बोळात वेगळ्या लावल्यात, वरच्या पेटीवर खडूनं 'परत' लिहून, आणि पार्टीला सांगितलंय की या नेल्याशिवाय बिल निघणार नाही.